पंप धुतलेलं पाणी

(भाताच्या हंगामात, कामशेतजवळच्या शेडमध्ये. गावोगावचे बिघडलेले फवारणी पंप इथं दुरुस्तीला परत येतात. हनुमंत इथला मिस्त्री. भागूबाई ओढ्याखालच्या वाडीतली, पंप धुणारी.)

हनुमंत : ओढ्यावर धुवायचं मीच ठरवलं, मावशी. आधी आलेला पंप तसाच उघडायचो. माझ्या हाताखालच्या निवृत्तीच्या डोळ्यांत औषध उडालं, तेव्हापासून आधी धुवायचा, मग खोलायचा. कामही भराभर व्हायला लागलं.

भागूबाई : व्हय. निवृत्तीचं डोळं वाचलं.

हनुमंत : मग आज काय झालं? सकाळपासून तुमची वाट बघतोय.

भागूबाई : काल ओढ्यात मासं उलटं झालं, भाऊ. पांढरी पोटं वर. माज्या ल्योकानं, शिदूनं, टोपलीभर आनलं.

हनुमंत : खाल्ले?

भागूबाई : रांधलं मीच. नात तापातनं उठल्याली. म्हनलं, चंपाला आदी वाढावं.

हनुमंत : आणि?

भागूबाई : आमाला समद्यांना वकाऱ्या झाल्या. तिला झटकं आलं. झोळी करून लोनावळ्याला निगालो. कार्ल्याच्या फाट्यापातुर व्हती.

हनुमंत : मावशी...

भागूबाई : सकाळी पुरली.

हनुमंत : पाणी कुठं जातं, हे मी बघायला हवं होतं.

भागूबाई : पंप तर माज्याच हातानं धुतलं ना. खालती वाडी हाय, मला ठावं न्हवतं व्हय?

हनुमंत : मी आजपासून शेड बंद ठेवतो.

भागूबाई : बंद नगा ठिवू. भातावर कीड पडलीया. मान्सं पंपासाठी दारात बसल्यात. धुवायचं तेवडं दुसरीकडं करा.

हनुमंत : मागच्या माळावर खड्डा घेतो, चांगला बांधून. पाणी तिथंच उन्हात आटेल. आणि शेतकऱ्यानं उरलेलं औषध टाकीत ठेवून पंप आणला, तर आत घेणार नाही.

भागूबाई : खड्डा कवा?

हनुमंत : आत्ताच कुदळ घेतो. पण आधी वाडीत येतो. हे शिदूला मी सांगायला पाहिजे.

भागूबाई : त्यो कोयता घिऊन उंबऱ्यात बसलाय.

हनुमंत : तरी येतो.

भागूबाई : मंग हितल्या हिरीचं दोन हंडं भरून घ्या. सकाळधरनं वाडीत कुनी पानी प्यालं न्हाई.