नुसती बसून राहणारी प्रोसिजर

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. तोंड उघडायला मला अजून अवकाश होता, म्हणून कान उघडे ठेवले.

"बाबा, पाणीपुरवठ्याच्या डेटाबेसमध्ये साठवलेले जुने छोटे प्रोग्राम, त्या सगळ्या स्टोअर्ड प्रोसिजर, परवा काढून टाकतेय. कामं नव्या ॲपमध्ये नेलीत. तुम्ही लिहिलेली एक तेवढी उरलीय."

"कुठली?"

"ग्राहकाची माहिती शोधणारी. तिला माहिती लगेच सापडते आणि मग ती काही सेकंद नुसती बसून राहते."

"मीच बसवलंय तिला, थांबायची एक ओळ घालून. आधी उत्तर चटकन यायचं. लोक म्हणायचे, मशीनने नीट बघितलंच नाही, परत बघा."

"म्हणून मशीनला विचार करायचं नाटक शिकवलंत?"

"साहेबांच्या हुकमावरून. तक्रारी बंद झाल्या. सुरुवातीला काउंटरवर मीच बसायचो. उत्तर येईपर्यंत समोरच्याशी काहीतरी बोलावं लागायचं. तुझी आई नळजोडणीचं विचारायला आली होती."

"तेवढ्या सेकंदांत जमलं?"

"छे. चार-पाचदा आली ती. नळ एकच होता."

"म्हणजे मी त्या एका ओळीमुळे आहे, आणि मलाच ती पुसायचीय."

"पूस की. तुझ्या कामाला मी कशाला आडवा येऊ? फक्त उद्या आईला घेऊन त्या काउंटरवर जाऊन येतो."

"काय विचाराल?"

"आपला ग्राहक क्रमांक."

"तो तर तुम्हाला पाठ आहे."

"म्हणून तर. उत्तराकडे लक्ष द्यायला नको."