लाल मोजेवालीची पट्टी

हॅलो? आई? “तुमच्या घरातले पंखे कोण पुसतं?”

...अगं, तुला नाही विचारत! आपले कोण पुसतं ते मला चांगलं ठाऊक आहे. दर महिन्याला मीच पुसते, तेही स्टुलाशिवाय. हा प्रश्न मी तिला विचारला. तिला! लाल मोजेवालीला!

...हो, हो, तीच. आजच्या उंच उडीच्या अंतिम फेरीतली. अगं, ऐक ना... मैदानावर मदतीला आम्ही सहाजणी आहोत ना, त्यातल्या बाकीच्या पाचजणींनी पैज लावली. म्हणे, सरावाच्या वेळी विचारून दाखव, नाहीतर तुला जिराफ म्हणणार. म्हटलं, आत्ता काय हरिणी म्हणता?

...विचारलंच! दुभाषी ताईंनी कपाळावर हात मारला, पण सांगितलं तिला. ती इतकी हसली, आई! म्हणाली, पंखेही मीच पुसते, माळ्यावरचे डबेही मीच काढते, आणि घरातल्या प्रत्येक फोटोत मी मागच्या रांगेत. अगदी माझंच गाऱ्हाणं! बोलता बोलता हातातल्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर पेनाने चिमणी काढत होती. शुभशकुन असेल तिचा.

थांब, बाबा आलेत का? मग स्पीकरवर टाक. खरी गोष्ट पुढेच आहे.

...रडत नाहीये गं, ओरडून ओरडून घसा बसलाय!

...हो बाबा, जेवले. दोनदा जेवले. आधी ऐका तरी! माझ्याकडून एक चूक झाली. मोठी.

...नाही हो, काही मोडलंबिडलं नाही. मोडलं असतं तर परवडलं असतं.

असं बघा, उडी मारणारी प्रत्येकजण धाव कुठून सुरू करायची तिथे जमिनीवर पट्टी चिकटवते... हो, आपण खोक्यांना लावतो तसली चिकटपट्टीच. पावलांनी मोजून लावायची. टाचेला अंगठा, टाचेला अंगठा. चार बोटं इकडची तिकडे झाली की उडी गेलीच म्हणायची. आणि जी बाद होते तिची पट्टी लगेच काढायची, बाकीच्यांचा गोंधळ नको म्हणून. ते काम माझं.

...उंचीमुळे नाही दिलं, बाबा! वाकून करायचं काम आहे ते!

तर पाचवी बाद झाली. चौघी उरल्या आणि पदकं तीन. पंचांनी मला खूण केली. मी ऐटीत गेले, पिवळी पट्टी सर्रकन ओढली आणि आले जागेवर. खिशात टाकणार, तर पट्टीवर... चिमणी!

...हो ना! पाचवीची आणि हिची, दोघींच्या पट्ट्या पिवळ्या, आणि मी ओढली लाल मोजेवालीची!

...सांगते ना, सांगते. आई, मध्ये मध्ये “अरे देवा” नको म्हणूस, मलाच भीती वाटते.

एक मीटर शहाण्णव. बाकीच्या तिघी पार होऊन बसलेल्या. हिने दोनदा दांडी पाडलेली. ही शेवटची उडी. चुकली की चौथी, रिकाम्या हाती घरी. आणि घड्याळ सुरू झालं. एक मिनिट मिळतं फक्त. ती जाऊन उभी राहिली आणि खाली बघायला लागली. इकडे बघते, तिकडे बघते. पट्टी कुठे असणार? माझ्या मुठीत!

...मी? मी खांबासारखी उभी. शेजारची कानात सांगतेय, “गप्प बस. पट्ट्या निघतात कधीकधी. कुणाला कळतंय?”

...बरोबर, बाबा. नव्हतंच कळत कुणाला.

पण मला कळत होतं ना! पन्नास... एकोणपन्नास... आणि घड्याळ चालू असताना धावपट्टीवर पाऊल टाकायचं नाही, हा आमचा पहिला नियम. तीन दिवस घोकून घेतलेला.

...टाकलं! भर मैदानात! वर्गात नुसतं “हजर” म्हणताना माझी बोबडी वळते, ती मी हात वर करून ओरडले, “थांबा! पट्टी मी काढली! चूक माझी आहे!”

...काय? टीव्हीवर? धावणाऱ्या बायका दाखवत होते तेव्हा मागे कोपऱ्यात? अगं, मीच ती! ...नाही गं, पाणी प्यायला जाऊ का विचारायला नव्हता हात वर केला! बाबा, हसू नका!

मुख्य पंच म्हणजे एक वयस्कर बाई आहेत, माझ्या खांद्याला लागतील एवढ्याशा. मी मूठ उघडली. त्यांनी पट्टी बघितली, मला बघितलं आणि घड्याळ थांबवलं.

...ओरडल्या नाहीत. तिला म्हणाल्या, नव्याने मोज, पूर्ण मिनिट पुन्हा देते. तर कठड्यापलीकडून दुसऱ्या एका संघाचे प्रशिक्षक लागले आरडाओरडा करायला. बाईंनी मानसुद्धा वळवली नाही. नुसता एक हात असा केला... असा... अहो, फोनवर कसा दाखवू? सहा फुटी माणूस चिडीचूप!

...हो, मोजलं ना तिने. टाचेला अंगठा, टाचेला अंगठा. मध्येच माझ्याकडे बघितलं. हसली नाही, रागावलीही नाही. नुसतं बघितलं. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या.

मग धावली... वळणावर कलली... पाठ टाकली... आणि टाच लागली! दांडी हलली, आई! थरथरतेय, थरथरतेय. आणि पंच बाई झेंडाच उचलत नाहीत! दांडी पूर्ण थांबेपर्यंत शांत उभ्या. आणि मग... पांढरा! पांढरा झेंडा!

...पार! पार, पार, पार! आम्ही सहाजणी एकमेकींच्या अंगावर पडलो. पुढच्या उंचीला दुसरीच एक तिन्हीदा अडली आणि ही गेली सुळकन. तिसरी आली, बाबा! कांस्यपदक!

...म्हणाली ना. पदक गळ्यात घालून आली, माझे दोन्ही खांदे धरले, आणि दुभाषी ताईंना म्हणाली, हिला सांगा, आधी वाचायचं, मग ओढायचं.

...हो, बोलणी बसली गटप्रमुखांची. उद्यापासून पाण्याच्या टेबलावर. बसू दे, चुकले होतेच.

...काय बाबा? ...हो. हो, उडीच्या शिबिराचा अर्ज. माहितीये, टेबलावर ठेवलाय. माहितीये, तुम्ही खेळाच्या सरांना शब्द दिलाय. एवढी उंची वाया जाईल, हेही माहितीये... बाबा, एक मिनिट. माझं ऐका ना.

मी मघाशी त्या पंच बाईंना गाठलं. एकटीने, पैज नसताना. विचारलं, तुमच्यासारखं व्हायला काय करावं लागतं? म्हणाल्या, पंचांची परीक्षा असते, सोळा वर्षं पूर्ण लागतात. म्हणाल्या, आज नियम मोडून धावलीस ते ठीक, पण मोडायच्या आधी सगळे पाठ कर.

...थट्टा नाही. ...उंचीचं काय म्हणजे? बाबा, दांडी हलतेय की थांबली, ते बघायला बाकीच्यांना मान वर करावी लागते. मला नाही!

...नाही, आई, विचारत नाहीये मी. सांगतेय. शिबिराला मी जाणार नाही. मला उडी नाही मारायची, मला झेंडा धरायचाय. मी पंच होणार.

...एकेक बोला, दोघं एकदम नको!

...हं. परीक्षेच्या अर्जावर पालकांची सही लागते. एकाचीच. कोण करणार, ते मी येईपर्यंत ठरवून ठेवा. ठेवते!