आकड्यांना कुठे आली भाषा?

...नाही, पण भंगार कशाला म्हणायचं, हे आधी ठरवा ना! अकरा वर्षांचा लॅपटॉप, स्क्रीनवर ओरखडा नाही, आणि आमची सून मानसी म्हणते, "बाबा, नवी सिस्टीम याच्यावर चालणार नाही. रविवारी दहाला सोसायटीत ई-कचऱ्यावाले येतायत, देऊन टाकू या. वय झालंय त्याचं." आता 'त्याचं' म्हणताना तिने पाहिलं कुणाकडे? लॅपटॉपकडे की माझ्याकडे? माझा गैरसमजही असेल, मी पटकन मनाला लावून घेतो, पण तुम्हाला सांगतो, मी उठलोच! म्हटलं, चूक माझी असेल, पण लॅपटॉप भंगार नाही! लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम टाकतो त्याच्यावर! फुकट मिळते, जुन्या यंत्रावर पळते, आणि परवाच नवी आवृत्ती आलीय!

लोक काय करतात? डाउनलोड करतात, टाकतात, मोकळे होतात. मी पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, प्रबंध तपासले... मी आधी त्या आवृत्तीची माहितीपत्रकं छापून आणली. बेचाळीस पानं! माटुंग्याचा झेरॉक्सवाला विचारतो, "काका, कोर्टात केस आहे का?" सगळी लाल पेन्सिलीने वाचली, समासात शेरे मारले. सरोजिनी, म्हणजे आमची ही, म्हणाली, "अहो, मार्क किती दिलेत?"

शुक्रवारी पेनड्राइव्ह लावला. पहिलाच प्रश्न, भाषा कोणती? यादीत मराठी! ऊर भरून आला हो! भाषा मराठी, कीबोर्ड मराठी, डिस्कला कुलूप? लावा! पासवर्ड? मराठीत अख्खं वाक्य, अनुस्वारासकट! वीस मिनिटांत बसलं. बंद करून पुन्हा सुरू केलं, त्याने पासवर्ड विचारला, मी टाकला... चुकीचा! पुन्हा टाकला... चुकीचा! तासभर! शेवटी ती बेचाळीस पानं पुन्हा काढली, तर पान एकोणतीस, खाली तळटीप: कुलूप उघडताना कीबोर्ड इंग्रजीच असतो. म्हणजे कुलूप मराठी, किल्ली इंग्रजी! आणि तळटिपेशेजारी माझ्याच लाल पेन्सिलीत शेरा... "महत्त्वाचे नाही."

बरं, चूक माझी असेल, पण लॅपटॉप भंगार नाही!

शनिवारी पुन्हा बसवायला घेतलं. मानसी म्हणते, "बाबा, इंग्रजी निवडा की सरळ." का निवडू? सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहून बसलोय, 'माझे यंत्र यापुढे मराठीत चालेल', एकवीस अंगठे आलेत त्याला! भाषा मराठी, कीबोर्ड मराठीच! फक्त पासवर्ड नुसता आकड्यांचा, आमच्या लग्नाची तारीख. आकड्यांना कुठे आली भाषा?

रविवारी दहाच्या ठोक्याला ई-कचऱ्याची प्रिती, भलीमोठी गोणी घेऊन दारात. "आजोबा, बंद पडलेला लॅपटॉप हाच ना?" बंद पडलेला? बटण दाबलं! दिवा लागला, पंखा फिरला, पासवर्डची चौकट हजर! मानसी म्हणते, "टाका ना मग." म्हटलं, पासवर्ड असा चारचौघांत टाकत नाहीत, पाठ फिरवा! तिघी भिंतीकडे तोंड करून उभ्या. टाकला. आठ ठिपके. चुकीचा! पुन्हा आठ ठिपके. चुकीचा! भिंतीकडूनच सरोजिनी म्हणते, "तारीख विसरलात ना?" अहो, विसरलो नाही हो! तेव्हा डोक्यात उजेड पडला... मराठी कीबोर्डवर आकडेसुद्धा मराठीच उमटतात, म्हणजे कुलूप लावताना मराठी आकडे, उघडताना इंग्रजी! ठिपक्यांच्या आड मला दिसणार कसे? जन्मभर आकडे शिकवले, आणि आकडेच उलटले! पण हे आता बायकोला पटवा!

तेवढ्यात प्रिती वळली. "अहो, हा तर चालतोय! चालू वस्तू आम्ही नेत नाही." गोणी उचलली आणि गेली!

जिंकलो की नाही? तुम्हीच सांगा! तेव्हापासून रोज सकाळी उघडतो. लगेच सुरू होतो, शांतपणे पासवर्ड विचारतो, मी टाकतो, तो नाही म्हणतो. तिसऱ्यांदा बसवीन, बेचाळीस पानं पुन्हा वाचायला घेतलीयत. भंगार नाहीच तो! घरात मला नाही म्हणणाऱ्या दोघी होत्या... आता तिघं झाले, इतकंच.