द्वारकाकाकूंची भवानी

मंडळी, या विश्वात जे जे थोर उभं राहिलं, ते ते तपश्चर्येच्या पायावर उभं राहिलं. शालन खुटवडचं दुकान मात्र रॉकेलच्या चार रिकाम्या डब्यांवर उभं होतं, आणि त्यांतला एक डबा डुगडुगत होता. डब्यांवर फळी, फळीवर साड्यांना पिको करायचं मशीन. झालं दुकान.

तर आजच्या कीर्तनाचा प्रश्न असा, की धंदा सुरू होतो कधी? पाटी लागली की? नारळ फुटला की? लगेच उत्तर देऊ नका. शालनच्या घरच्यांनी लगेच दिलं होतं. ऐका.

शालन आपल्यातलीच. चाळिशीची, हाताला चपळ, आणि चार लोक काय म्हणतील याला फार जपणारी. साड्यांना फॉल लावायचा, पिको करायचा, एवढंच काम. पण सुरुवात कशी करावी, हे तिनं घरभर विचारलं. नवरा बबनराव म्हणाला, "आधी नाव इंग्रजी ठेव." दीर म्हणाला, "आधी काचेचं दार लाव." नणंद म्हणाली, "आधी मुहूर्त बघ." या तिघांपैकी एकानंही आयुष्यात चहाची टपरीसुद्धा टाकलेली नव्हती — म्हणूनच सल्ला इतका ठाम होता.

राहिल्या द्वारकाकाकू. पलीकडच्या आळीत राहायच्या, सत्तरी उलटलेली. चाळीस वर्षं खिडकीपाशी बसून त्यांनी गावातल्या साड्यांना हातानं फॉल लावले. टाका असा, की साडी उलटसुलट करून शोधा, सापडायचा नाही. शालनला सुई धरायला त्यांनीच शिकवलं.

"फॉल आधी भिजवून वाळवून घे," काकू म्हणाल्या. "दोरा काठाच्या रंगाचा लाव. आणि गुरुवारी देते म्हणालीस, तर गुरुवारी दे."

"आणि?"

"आणि काय? झाला की धंदा."

शालनला हे फारच थोडं वाटलं. तुम्हालाही वाटतं. खरं बोला आणि नाम घ्या, एवढं सांगून मी खाली बसलो, तर तुम्ही म्हणाल, बुवांची तयारी नव्हती.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. आता भवानी — म्हणजे पहिली विक्री — कोणाच्या हातची करायची? नणंदेनं डोकं चालवलं: डॉक्टरीणबाईंच्या हातची. त्या आल्या, की मागोमाग अख्खी कॉलनी येणार. बाईंनी "दहापर्यंत येते" असा शब्द दिला. त्यांच्यासाठी खुर्ची आणली, खुर्चीवर धुतलेला टॉवेल पसरला.

आठ वाजता दारात कोण? द्वारकाकाकू. पिशवीतून त्यांनी एक कोरी जांभळी साडी काढली.

"घे गं. पहिली माझी."

शालनचा हात पुढे झाला. नणंदेनं नुसतं बघितलं. हात मागे आला.

"काकू, जरा थांबता? डॉक्टरीणबाईंच्या हातची भवानी ठरलीय. मग लगेच तुमची."

"बरं," म्हणाल्या काकू, आणि पायरीवर बसल्या. खुर्ची होती हो. पण टॉवेल होता ना तिच्यावर.

नऊ वाजले. दहा वाजले. मधे तीन बायका साड्या घेऊन आल्या, त्यांनाही थांबवलं. सुरू व्हायच्या दिवशीच गिऱ्हाईक परत पाठवणारं दुकान पाहिलंय कोणी? ऊन पायरीवर आलं, तशा काकू सावलीकडे सरकल्या. शालनच्या मनात आलं, घ्यावी साडी. तेवढ्यात नणंद म्हणाली, "आलीच बघ गाडी." ती गाडी गॅसवाल्याची होती.

पावणेबाराला बाई आल्या. घाईत होत्या, साडी आणायला विसरल्या. दोऱ्याचं एक रीळ घेतलं. झाली भवानी. टाळ्या पडल्या. शालन धावत बाहेर आली, तर पायरी मोकळी.

तुम्हाला वाटलं असेल, दुकान बुडालं. नाही. उत्तम चाललं. काचेचं दारसुद्धा लागलं. आणि गिऱ्हाइकं आली ती कुठून? "द्वारकाकाकूंनी पाठवलंय," बायका सांगायच्या. "म्हणाल्या, आता शालनकडेच द्या." काकू रागावल्या असत्या, तर शालनला सोपं गेलं असतं. जाऊन यावं, असं तिला रोज वाटायचं. आज गर्दी, उद्या लाइट नाही, परवा लग्नसराई. पलीकडच्या आळीत जायला वर्ष लागलं, मंडळी, आणि तरी ती गेली नाहीच.

एका लग्नात काकूच समोर आल्या. अंगावर तीच जांभळी साडी. शालन पाया पडायला वाकली. आता वाकल्यावर डोळ्यांपुढे काय येतं? साडीचा काठ. जांभळ्या काठावर हिरवा दोरा. टाके लांब-आखूड, वर-खाली, सगळे बाहेरून दिसणारे. एके ठिकाणी तर काठ दुमडूनच शिवलेला.

तेव्हा तिला कळलं. काकू त्या दिवशी मान घ्यायला आल्या नव्हत्या. त्यांना दिसेनासं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या आपली साडी दुसऱ्याच्या हातात द्यायला आल्या होत्या — आणि कोणाला कळू नये म्हणून भवानीचं निमित्त केलं होतं.

"काकू, साडी द्या ना. उसवून नीट लावून देते."

"राहू दे गं. बसलाय आता फॉल," काकू म्हणाल्या. "गुरुवारचं गुरुवारी देतेस ना?"

"देते."

"मग झालं." आशीर्वादाचा हात हवेत थोडा चाचपडला, मग त्याला शालनचं डोकं सापडलं.

आता शालन रोज पहाटेच दार उघडते, आणि पहिलं येईल त्याचं काम हातात घेते. लोक म्हणतात, काय माणुसकी. ती ऐकून घेते. जिची साडी घ्यायची राहिली, ती काही येत नाही.

धंदा सुरू होतो, मंडळी, ज्यानं आपल्याला हात दिला त्याचं काम पहिलं धरलं की. शालनला नावं ठेवू नका. तुमच्या घरी कार्य निघालं, की पहिली पत्रिका कोणाला जाते? जिनं तुम्हाला कडेवर खेळवलं तिला, की जिची गाडी दाराशी थांबली म्हणजे गल्ली बघते तिला? उत्तर मोठ्यानं देऊ नका. गेल्या महिन्यात माझ्याही घरी वास्तुशांत झाली, मीही गप्पच आहे.

फक्त एक करा. तो टेबलफॅन मघापासून पहिल्या रांगेतल्या एकट्या अध्यक्षांवर रोखलाय, तो जरा फिरता ठेवा. पेटीवाल्यांना घेरी येतेय.