टेबल नंबर सतरा आणि साठ निळे हत्ती

शनिवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. वाचनालयाचा तळमजला, हस्तकलेचं प्रदर्शन, टेबल नंबर सतरा.

...आणि त्या टेबलासमोर उभी राहून ती बाई म्हणते, "हे झाका!" झाका! अहो, पिशव्या आहेत, पोरांनी शाळेत डबा न्यायच्या! त्यावर छत्री धरलेला निळा हत्ती आहे, टीव्हीवरच्या कार्टूनमधला, तोही गुडघ्यापर्यंत बूट घातलेला, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त कपड्यांत! त्यात झाकायचं काय?

तुम्हाला सांगतो, टेबल माझ्या ताईचं. थोरली बहीण. एका हॉस्पिटलच्या शिवणखोलीत एकतीस वर्षं चादरी, पडदे आणि ऑपरेशनचे गाऊन शिवले तिनं. सगळं पांढरं, नाहीतर हिरवं. निवृत्त झाली त्या दिवशी म्हणाली, "आता मला रंग पाहिजे." आणि गेली कापडाच्या दुकानात. कुठल्या? त्या हत्तीच्या कंपनीच्याच! दारावर हत्ती, पायपुसण्यावर हत्ती. मी बरोबर होतो, ओझं उचलायला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मावशी, किती कापू?" ताई म्हणाली, "बावीस मीटर." त्याची भुवई हलली? नाही! टर्रकन कापलं, वर काहीतरी सूट दिली, बिल कापडात खुपसलं आणि म्हणाला, "परत या हं!"

मग तीन महिने घरात नुसता मशीनचा खडखडाट. का? तर प्रदर्शनाच्या दिवशी चार वाजता खेळण्यांच्या दुकानाची मालकीण येते. दर वर्षी येते, सगळी टेबलं फिरते, आणि त्यातल्या एकाच टेबलाचा माल निवडून वर्षभर आपल्या दुकानात ठेवते. एकाच! ताई मला म्हणाली होती, "एकतीस वर्षं शिवलं रे, पण हे कुणी शिवलं असं एकानंही विचारलं नाही. एकदा विचारू दे कुणाला तरी." आता ही माझी बहीण, कधी मीठसुद्धा जास्त मागून न घेणारी... तिनं हे मागितलं! आणि बारा वाजून दहा मिनिटांनी ती बाई म्हणते, झाका!

बाई म्हणजे प्रदर्शन समितीची कार्यवाह. हातात पॅड, गळ्यात शिट्टी. विणलेले मोजे आणि मेणबत्त्यांच्या प्रदर्शनात शिट्टी कशाला, सांगा! आवाज असा, नाकातून: "काका, कार्टूनचं कापड विकत घेणं वेगळं, आणि त्याच्या वस्तू करून विकणं वेगळं. कापड तुमचं, चित्राचे हक्क कंपनीचे. परवानगीचं पत्र आहे का?"

आता मी बत्तीस वर्षं वार्ताहर. भल्याभल्यांना दारात अडवून जे विचारलं तेच विचारलं. "नियम लेखी आहे का? लेखी दाखवा!"

ती म्हणे, "अहो, सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला? नाव, हुद्दा? लेखी दाखवा!"

अहाहा! तुम्हाला सांगतो, अंगात वीज सळसळली! निवृत्तीनंतर वर्षभर मी गॅस सिलेंडरवाल्याशी भांडून दिवस काढतोय, आणि इथं साक्षात प्रश्न! ज्यानं हत्ती विकला तो मोकळा, जिनं शिवला ती गुन्हेगार? दुकानानं माझ्या बहिणीला कापड विकलं ते काय नुसतं कुरवाळायला? माणसं जमली. शेजारच्या अठरा नंबरवर साबणवाली होती, तिच्या साबणांवर कार्टूनमधलं मांजर. तिनं काय करावं? एकेक साबण हळूच पालथा घालतेय!

मी मित्राला फोन लावला. वकील आहे, नावाजलेला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अवलंबून आहे."

"कशावर?"

"बऱ्याच गोष्टींवर."

"लेखी देशील?"

"फी पडेल."

ठेवला फोन! तिकडे ताई माझी बाही ओढतेय. "अरे ए बातमीदार, खाली बस जरा. चार वाजायला आले." पण मी बसतोय कसला! मी खुर्चीवर चढलो. हो, चढलो! म्हटलं, "लेखी दाखवा, नाहीतर टेबल हलणार नाही!" दोघांनी टाळ्या वाजवल्या. एक तर मेणबत्तीवाला होता, त्याचं स्वतःचं काही अडकलेलं नव्हतं.

शेवटी कार्यवाहबाई घामाघूम. म्हणाली, "काका, मला वाद नको. हत्ती दिसता कामा नये, एवढंच. नाहीतर टेबल रिकामं करा."

आणि इथं माझी ताई... बघा हं... मी खुर्चीवरून गर्जत असताना तिनं खाली शांतपणे एकेक पिशवी उलटी केली. आतलं बाहेर! आत पिवळंधमक साधं अस्तर. हॉस्पिटलचा हात तो, आतली शिलाईसुद्धा अशी, की एक धागा लोंबत नाही. साठच्या साठ उलट्या. हत्ती गायब! हॉलमध्ये जणू सूर्य उगवला! मी म्हटलं, जिंकलो!

मग कार्यवाहबाईनं एक पिशवी उचलली. डोळ्यांजवळ नेली. अजून जवळ नेली.

आता एक सांगायचं राहिलं. कापडाच्या दोन्ही कडांना घट्ट विणलेली किनार असते. लोक ती कापून फेकतात. पण ताई फेकणार? एकतीस वर्षं चिंधीसुद्धा मोजून वापरलेली बाई ती! किनार उसवत नाही, मजबूत असते, म्हणून प्रत्येक पिशवीत आत तिचा एक लूप लावलेला, घराची किल्ली अडकवायला. पिशवी उलटी केली तर आतला लूप कुठं येणार? बाहेर! आणि त्या किनारीवर कंपनीनं खसखशीएवढ्या अक्षरांत छापलेलं. कार्यवाहबाईनं मोठ्यानं वाचलं, सगळा हॉल ऐकतोय...

"फक्त घरगुती वापरासाठी. या कापडाच्या वस्तू करून विकण्यास मनाई."

लेखी! मी साडेतीन तास लेखी मागत होतो ना? साठ प्रतींत मिळालं! आमच्याच टेबलावर, आमच्याच दोऱ्यानं, दुहेरी टीप मारून!

मी खुर्चीवरून उतरलो. म्हणजे मेणबत्तीवाल्यानं उतरवलं. ताईला म्हटलं, "अगं, तू वाचलं नाहीस?" तर म्हणते, "अक्षरं दिसली रे. मला वाटलं कंपनीचं नाव असेल. म्हणून मुद्दाम दिसतील अशी लावली, जरा भारी वाटतं."

कार्यवाहबाई एकदम हळू आवाजात म्हणाली, "मावशी, आता माझाही इलाज नाही हो." तिचं खरं होतं. ताईनं खोका ओढला, भरायला लागली. तुम्हाला सांगतो, त्या खोक्यात पिशव्या पडल्याचा आवाजसुद्धा होत नव्हता, आणि माझ्यासारखा तोंडाळ माणूस, मी आपला खोक्याची झाकणं धरून बसलो.

चार वाजून पाच मिनिटांनी मालकीण आली. सतरा नंबरवर अर्धा खोका भरलेला. तिनं वरची एक पिवळी पिशवी घेतली. आतबाहेर केली, हत्ती बघितला, परत पिवळी केली. शिवणीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. आणि मान वर करून म्हणाली, "हे कुणी शिवलंय?"

ताईच्या हातातून खोका सुटला.

"मी," ती म्हणाली. एवढंच.

"अशाच साध्या कापडाच्या चाळीस द्याल? हत्ती नको. हा लूप मात्र पाहिजे. कोरा."

"देईन. पण रंग मी निवडणार," ताई म्हणाली. हो, माझी ताई! मी तोंड उघडलं, "ते जरा लेखी..." तर ताईनं असं पाहिलं माझ्याकडे, की मी मिटलं. मालकिणीनं आपणहून वहीत लिहिलं, सही केली, कागद फाडून ताईच्या हातात दिला. ती साबणवाली रडायला लागली! का, देव जाणे. मांजरं अजून पालथीच होती.

आता घरात काय परिस्थिती आहे? माणसं दोन, हत्ती साठ. घरगुती वापर चालू आहे! कांदे हत्तीत, बटाटे हत्तीत, माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या हत्तीत. मी भाजीला निघालो की गल्लीतली पोरं म्हणतात, "आजोबा, डबा घेऊन शाळेला?" चला, नियम म्हणजे नियम. मानला.

पण परवा त्यातल्या एका हत्तीत ताईनं जपून ठेवलेलं कापडाचं बिल सापडलं. बावीस मीटर. तारीख, शिक्का, त्याच कंपनीचा. आणि खाली छापलेलं: "व्यावसायिक ग्राहक, दहा टक्के सूट."

किनारीवर घरगुती, बिलावर व्यावसायिक. कापड एकच, कंपनी एकच. मी कंपनीला पत्र लिहिलं, दोन्हींच्या नकला जोडल्या, आणि शेवटी एकच ओळ: यातलं कुठलं खरं ते लेखी कळवा.

पत्र पोचल्याची पावती आली आहे. आज एकेचाळीस दिवस झाले. उत्तर नाही.