बन्सीच्या जबड्यातली लाइन

(सिडकोतला दातांचा दवाखाना. खुर्चीत बन्सी, स्टुलावर त्याची बायको रत्नमाला, हातमोजे घालत असलेल्या डॉ. जहांआरा.)

बन्सी : डाव्या गालाला दाढी उगवत नाय. परवा होळी. लवंगेचं तेल. न्हाणीतली पक्कड. आज आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस नाय.

जहांआरा : काका, मी फक्त काय त्रास होतोय एवढंच विचारलं.

बन्सी : तेच सांगतोय. हे सगळं एकाच माणसाचं हाये. बन्सी खरात, महापालिकेचा लाइनमन. गल्लोगल्ली पाण्याचे वॉल खोलायचा. आता रिटायर.

रत्नमाला : स्वतःचं नाव असं घेतेत, जसा काय शेजारचा माणूस.

बन्सी : तू कधी घेत नायस. कुणीतरी घ्यावं लागतं.

जहांआरा : बरं, तोंड उघडा.

बन्सी : उघडतो. आधी ऐका तर. ह्या बन्सीनं जन्मभर तंबाखू मळली. जबड्यापाशी गाठ आली, तर म्हणला, चुना जास्त झाला असंल. लई हुशार माणूस.

रत्नमाला : बाई, ते बोलायला उघडतंय. दाखवायला उघडत नाय.

जहांआरा : म्हणजे कॅन्सर होता. रेडिएशन या डाव्या बाजूलाच दिलं होतं?

रत्नमाला : व्हय, शेक दिले. दोन वर्षं झाली. शेवटच्या दिवशी ह्यांनी वॉर्डभर पेढे वाटले. स्वतःला एक गिळवेना.

बन्सी : वर भाषण ठोकलं. ह्या इमारतीत परत पाय ठेवणार नाय म्हणून. सलाइन लावलेले लोक, टाळ्या कुठून वाजवतील?

जहांआरा : आणि आता तिथंच दुखतंय.

बन्सी : बन्सीचं म्हणणं एवढंच, की त्या बाजूची एखादी दाढ काढली, तर काय व्हतंय?

जहांआरा : नाही काढायची. शेकानं हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, काही बंदच पडतात. हाड वरून चांगलं दिसतं, पण त्याला रक्त पुरत नाही.

बन्सी : म्हंजी लाइन टाकलेली हाये, प्रेशर नाय.

जहांआरा : अगदी तसंच.

बन्सी : घ्या! अख्ख्या शहराला सांगत फिरलो, उद्या येईल पाणी, उद्या येईल. आता बन्सीचाच जबडा हंडा घेऊन दारात उभा, अन् लाइनमन फोन उचलंना!

रत्नमाला : हसण्यावारी नेऊ नका. बाई, काढली तर काय व्हतं?

जहांआरा : दाढेचा खड्डा भरायला रक्त लागतं. पुरलं नाही, तर भरत नाही. हाड उघडं पडतं, मरायला लागतं. कधी कधी जबडा मोडतोसुद्धा. म्हणून मी दाढ शक्यतो आतून साफ करून वाचवते. तेही तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून.

बन्सी : त्यांना कशाला? त्यांनी पेढा खाल्लाय माझा.

जहांआरा : काका.

बन्सी : अन् समजा, एखाद्या येड्यानं काढलीच तर?

जहांआरा : प्रत्येकाचं बिघडतंच असं नाही. पण लपवायचं नाही, लगेच यायचं. जेवढा उशीर, तेवढं हाड जातं.

रत्नमाला : ऐकलं का? घरी काय उद्योग करू नका म्हणून कवापासून बोंबलतेय मी.

बन्सी : बन्सी शहाणा हाये.

रत्नमाला : लई शहाणा. मग तुमची पक्कड न्हाणीत कशाला होती?

बन्सी : नळ गळत होता.

रत्नमाला : न्हाणीत नळ हाये का आपल्या?

जहांआरा : काका. आता तोंड उघडा.

बन्सी : दोनच बोटं उघडतं, सांगून ठिवतो.

जहांआरा : चालेल. कोणती दाढ दुखते, बोटानं दाखवा.

रत्नमाला : आवं, दाखवा की. हात काय धरून बसलात माझा?

बन्सी : दाढ नाय तिथं. मी दिवाळीच्या आधीच काढली.