आतली कडी

न्हाय न्हाय, मिस्त्री, नवी बसवायची न्हाय — काढायची हाय. आतली कडी. ही खोलीची, मग बाथरूमची. बाहेरची असू द्या, आतनं कुणाला बंद करता येऊ नये एवढंच. बाथरूमला पडदा लावणार हाय की, बायकोनं, अमिनानं, कापड आणलंय. — चौकट व्हय? ते दार फुगून बसलं होतं, जरा जोर लावला तर चौकटच फुटली.

असं काय बघताय? — बरं. तुमी शरणबसव मिस्त्री, वीस वर्षं भवानी पेठेत काम करताय, फुगलेलं दार आणि तोडलेलं दार तुमाला कळत न्हाय व्हय? हमजानं तोडलं, माझ्या थोरल्यानं, दुपारी कामावरनं जेवायला आला तवा. आत आयत होती. माझी पोरगी, सतरा वर्षांची. वेळेत तोडलं म्हणून हाय आज. बास, पुढचं विचारू नका.

पेठेत आमी सांगितलं, पोटात दुखत होतं म्हणून दवाखान्यात ठेवलं. आठ दिवस होती. सोडताना डॉक्टर म्हणाले, गोळ्या तर घ्याच, पर दर मंगळवारी यायचं, आणि एकट्या पोरीनं न्हाय, अख्ख्या घरानं. मी म्हटलं, आजारी ती हाय, आमचं तितं काय काम? तर तितल्या वैजयंती म्याडम — लई शांत बाई — म्हणाल्या, हुसेनसाब, तिच्या मनात परत तसं आलं तर ती पयलं कुणाकडं येईल? तुमच्याकडंच की. मग तुमाला ऐकून घेता यायला पायजे. कडीचं बी त्यांनीच सांगितलं. आयतला विचारून. ती म्हणाली, काढा.

पयल्या मंगळवारी मी आपलं कारण काय, कारण काय करत बसलो. म्याडम म्हणाल्या, एकच कारण नसतंय, शोधत बसू नका. मग अमिना बोलली, रडली. हमजा — माझ्यापुढं कधी तोंड उघडत न्हाय, मिस्त्री — तो म्हणाला, तिचं जेवण सुटलेलं मला दिसत होतं, मी गप बसलो. दुसऱ्या मंगळवारी म्याडमनी आयतला विचारलं, त्या दुपारी कुणाला सांगावंसं वाटलं का? तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, कुणी न्हवतं. अम्मी टॉवेलच्या कारखान्यात, भाई कामावर. आणि अब्बा? म्याडम म्हणाल्या. तर म्हणाली, अब्बा झोपले होते.

मी उठलो तितनं. टेंपोचं भाडं हाय म्हटलं आणि आलो निघून. गेल्या मंगळवारी बी गेलो न्हाय. आज बी — काय म्हणालात? व्हय, आज मंगळवारच. तिघं गेलीत मघाशी. मी म्हटलं, मिस्त्री यायचेत, कुणीतरी घरी पायजे की. — उद्या बी चाललं असतं, व्हय. कळतंय मला.

खोटं बोलली ती. त्या दिवशी पहाटे टेंभुर्णीहून केळी घेऊन आलो होतो, अंग मोडलेलं, पडलो होतो हितंच. दुपारी ती दारात आली. अब्बा, म्हणाली, जरा बोलायचं होतं. मी जागा होतो, मिस्त्री. डोळे मिटून जागा होतो. वाटलं, कॉलेजचं काहीतरी असंल, मोबाईलचं असंल. नंतर, म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं. ती तशीच उभी राहिली — अजून गेली न्हाय, हे कळत होतं मला — तरी डोळे उघडले न्हाईत मी. मग गेली, आणि कडी लावल्याचा आवाज आला. तेवढा आवाज ऐकून कूस बदलली मी.

तिला म्हायती हाय, मला म्हायती हाय. आणि सगळ्यांपुढं ती मला वाचवती. मला. जिच्यासाठी आमी सगळी तितं जाऊन बसतोय, ती. घरात चहा आणून देती, अब्बा चहा, म्हणती, आणि मी कपातच बघत राहतो.

हे कुणाला सांगितलं न्हाय. अमिनाला बी न्हाय. तुमाला कसं काय — थांबलात का? ठोका की, आवाज असला म्हणजे बरं वाटतंय. — बरं, नका ठोकू.

वाजले किती? सव्वातीन. तीनला सुरू होतंय, चारपर्यंत असतंय. रिक्षानं धा मिनिटं. — आणि जाऊन बोलू काय? तुमाला बोललो तेच? तितं अमिना असंल. हमजा बघंल माझ्याकडं, त्यानं दार तोडलंय त्या दिवशी. आयत — तिनं एकदा झाकलंय, मी उघडं केलं तर तिला काय वाटंल, सांगा की. —

न्हाय, ती दुसरी कडी राहू द्या. उद्या या. चहा बी उद्या. हत्यारं उचला, मिस्त्री. मला कुलूप लावायचंय.